बुओना व्हिस्टातला मुका फोन

१

बुधवारी दुपारी अडीचच्या सुमारास निशिकांतराव आपल्या मुलाच्या बुओना व्हिस्टातल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात कोसळले. अँब्युलन्ससाठी फोन गेला तो दोन पंचावन्नला. पक्षाघातात पंचवीस मिनिटं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी नंतर सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. ते वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढे काही परत येईल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

ही पंचवीस मिनिटं कोणी खाल्ली, हा प्रश्न शनिवारी सकाळी आमच्या सेम्बावांगच्या घरी आला, निशिकांतरावांच्या सुनेबरोबर. नीताने चपला काढल्या आणि बसायच्या आधीच विचारलं, "काका आहेत ना?"

काका म्हणजे आमचे पद्माकर. सव्वीस वर्षं इथल्या शिपयार्डात अपघातांची चौकशी करायचे. क्रेन का पडली, शिडी का सरकली, कोणाचं कुठे चुकलं. निवृत्त झाल्यापासून ही सगळी हौस माझ्या स्वयंपाकघरात भागवली जाते, आणि दूध उतू गेलं तरी मला जबाब द्यावा लागतो. पण नीताचा चेहरा बघून त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, तेव्हाच मला कळलं की आज चेष्टा नाही.

"सोमवारी दहा वाजता मला पोलिसांनी बोलावलंय," नीता म्हणाली. "त्यांना वाटतंय की मी घरच्या फोनची वायर काढून ठेवली होती. आमच्या मारिसेलला बाबांसाठी फोन करता येऊ नये, असं नाही म्हणत ते. पण तिला कुठेच फोन करता येऊ नये म्हणून. मदतीला फोन करू पाहणाऱ्याला कोणी मुद्दाम अडवलं असेल तर तुरुंगही होऊ शकतो, असं त्या अधिकारी बाईंनी हॉस्पिटलात सगळ्यांसमोर सांगितलं."

मारिसेल ही त्यांची घरकामाची फिलिपिनो बाई. त्या दुपारी घरात निशिकांतराव आणि ती, दोघंच होती.

"तिच्याकडे मोबाइल नाही?" पद्माकरांनी विचारलं.

नीता माझ्याकडे बघत राहिली. "आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, कुलपात. रात्री नऊला देते. सगळ्याच जणी तसं करतात, काकू."

सगळ्याच जणी करत नाहीत, पण बऱ्याच करतात आणि ते मला माहीत होतं.

"आणि वायरची गोष्ट कुठून आली?"

ते मीच सांगू शकले असते. मार्चमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या सहलीत, चाळीस माणसांसमोर, नीता म्हणाली होती, "हिने पुन्हा घरच्या फोनवरून मनिलाला गप्पा मारल्या ना, तर मी वायरच उपटून ठेवणार आहे." आम्ही सगळ्या हसलो होतो. मीसुद्धा.

"मारिसेल म्हणते, फोन मुका होता," नीता सांगत होती. "कंपनी म्हणते, लाइनमध्ये काही बिघाड नव्हता. आणि मी त्या दिवशी दीड वाजता घरी गेले होते, काका. ऑफिस तिथेच आहे चालत दहा मिनिटांवर. चार्जर विसरले होते. पाच मिनिटं थांबले. म्हणजे संधीही मला होती."

"वायर काढलीस तू?" पद्माकरांनी अगदी सरळ विचारलं. एवढ्या सरळपणाचा मला रागच आला.

"नाही," नीता म्हणाली. "पण हे मला तुम्ही पहिलेच विचारताय. सुबोधने विचारलंच नाही. तीन दिवस तो हॉलमध्ये झोपतोय. त्याचं ठरलेलंच आहे."

२

दुपारी आम्ही बुओना व्हिस्टाला गेलो. काँडोच्या, म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या, गेटवरच्या म्हाताऱ्या गार्डला पद्माकरांनी थांबून विचारलं. त्यानेच अँब्युलन्सला फोन केला होता.

"शी रन डाऊन, अंकल," तो इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला. "क्रायिंग, नो स्लिपर सम मोर, पायात चप्पलसुद्धा नाही. मी फेरीला गेलो होतो, ती इथे उभी राहून काच वाजवत होती. आय फील व्हेरी बॅड, लाह."

मारिसेलने आधी घरचा फोन चार-पाचदा उचलून बघितला होता, मग दोन मजल्यांवरची दारं ठोठावली होती. भर दुपारी काँडोत कोण असतं? मग ती खाली धावली, तर गार्ड नाही. पंचवीस मिनिटांचा हिशेब असा लागत होता. फक्त पहिलं कोडं उरत होतं, फोन मुका का होता.

वर सुबोधने दार उघडलं. हा सुबोध, नीताचा नवरा, म्हणजे एरवी बोलघेवडा माणूस, जुरोंग ईस्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्या दिवशी त्याने "या" एवढंच म्हटलं. नीता सरळ आतल्या खोलीत निघून गेली, आणि त्याने तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

घरात लाइन एक आणि फोन दोन होते. एक हॉलमध्ये, दुसरा आई-बाबांच्या बेडरूममध्ये, पलंगाशेजारच्या टेबलावर. दरवर्षी सहा महिने पुण्याहून ते दोघं इथे येतात. निशिकांतरावांच्या पत्नी संजीवनीताईंना मोबाइल जमत नाही, म्हणून हा फोन ठेवलेला.

"बुधवारी दुपारी तू घरी फोन केला होतास का?" पद्माकरांनी विचारलं.

"केला होता. दोन दहाला. बाबांना विमानाच्या तिकिटाबद्दल विचारायचं होतं. एंगेज लागला. मला वाटलं, पुण्याला कोणाशी तरी बोलतायत."

"एंगेज? नक्की? नुसता वाजत राहिला, असं नाही?"

"एंगेजच होता, काका. त्याने काय फरक पडतो?"

पद्माकर वाकले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी हॉलमधल्या फोनची वायर भिंतीतून काढली. बेडरूममधलीही काढून आले. मग सुबोधला म्हणाले, "आता लाव मोबाइलवरून."

त्याने लावला आणि मोबाइल माझ्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजत होती, शांतपणे, एकामागून एक. घरात मात्र काही आवाज नव्हता.

मग पद्माकरांनी दोन्ही वायरी परत लावल्या आणि बेडरूममधला रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. थोडा वेळ तो कर्कश ओरडला आणि गप्प झाला. सुबोधने पुन्हा लावला. एंगेज. मी हॉलमधला फोन उचलून कानाला लावला, तर आत काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही.

"वायर काढली असती तर तुला घंटी ऐकू आली असती," पद्माकर म्हणाले. "वायर कोणी काढलीच नव्हती, सुबोध. कोणीतरी रिसीव्हर खाली काढून ठेवला होता, आणि तो बेडरूममधला. हॉलमधला असता तर मारिसेलला दिसला असता."

मला हायसं वाटलं. ते अर्धा मिनिटच टिकलं.

"वायर काय आणि रिसीव्हर काय," सुबोध हळूच म्हणाला. "दीड वाजता घरात कोण आलं होतं, काका?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. नीताने ते आतून लावून घेतलं.

३

निशिकांतराव ज्या हॉस्पिटलात होते तिथे दुपारी त्यांच्याजवळ मारिसेलच बसायची. ज्या बाईवर पहिल्या दिवशी सुबोध ओरडला होता, तीच आता त्यांचं तोंड पुसत होती. पद्माकरांनी तिला बाहेरच्या बाकावर बोलावलं. ती इंग्रजीत बोलली, हळू आणि स्पष्ट.

"मॅमनी केलं, असं मी पोलिसांना सांगितलं नाही, सर. मी म्हटलं, फोनमध्ये आवाज नव्हता आणि माझा फोन ड्रॉवरमध्ये होता. दोन्ही खरं आहे."

"बेडरूममधला फोन का नाही बघितलास?"

"एक मुका तर दुसराही मुका, असं वाटलं. आणि दुपारी त्या खोलीत जायचं नसतं. साडेबारा ते चार. आजोबा झोपतात."

"हा नियम कोणाचा?"

"आजींचा. मी आल्यापासून आहे. भांड्यांचा आवाज नाही, मिक्सर नाही." तिने खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आजोबा पाणी प्यायला उठले असतील. पडल्यावर त्यांनी माझा हात धरला होता. बोलायचं होतं त्यांना. मी हात सोडवून घेतला, फोन करायला. तो हात सोडवला, ते मला सारखं आठवतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या मुलीला दिवसभर फोन मिळत नव्हता, आणि मी त्या सहलीत हसले होते.

संजीवनीताई कॉरिडॉरच्या टोकाला खुर्चीत बसल्या होत्या. चार दिवसांत बाई निम्मी झाली होती. त्यांच्यावर कोणाचा संशय असायचं कारणच नव्हतं, कारण बुधवारी दुपारभर त्या माझ्याच घरी होत्या. महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जणी पुस्तक वाचायला जमतो, आणि त्या पाऊणला घरून निघून दोनच्या आत माझ्याकडे पोचल्या होत्या.

पद्माकर त्यांच्यापुढे उभे राहिले. काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "नीताला खरंच तुरुंग होईल का हो, भावोजी?"

"तिने केलं असेल तर होऊ शकेल, वहिनी."

"आणि मुद्दाम नसेल केलं तर?"

पद्माकर त्यांच्याकडे बघत राहिले. मग, "तुम्ही काही खाल्लंत का?" एवढंच विचारून ते वळले. मी यांच्याबरोबर एक्केचाळीस वर्षं काढली आहेत. हे जेव्हा असं मधेच खाण्याबद्दल विचारतात, तेव्हा यांना काहीतरी सापडलेलं असतं.

४

परतताना बिशान स्टेशनवर गाडी बदलली, बसायला जागा मिळाली, तेव्हा ते म्हणाले, "सविता, रिसीव्हर काढला कोणी, ते बाजूला ठेवू. परत जाग्यावर कोणी ठेवला?"

"मला काय माहीत?"

"तुलाच माहीत आहे. मारिसेल अँब्युलन्समधून गेली, घर बंद झालं. त्यानंतर घरात पहिलं कोण गेलं?"

"आम्ही," मी म्हटलं. सुबोधचा फोन माझ्या घरी सव्वातीनला आला. मी संजीवनीताईंना टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलला जायच्या आधी औषधांची फाइल आणि पासपोर्ट घ्यायला घरी थांबलो. "मी दारातच होते, चपलांच्या कपाटाशी. त्या आत गेल्या."

"मग?"

"मग काय. त्या फाइल घेऊन आल्या आणि तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. हॉस्पिटलातून नीता होती, बाबांचा चष्मा आणा म्हणत होती." आणि माझं मलाच ऐकू आलं.

"वाजला," पद्माकर म्हणाले. "अडीचला मुका असलेला फोन चारला वाजला. तेव्हा नीता हॉस्पिटलात होती, मारिसेलही, सुबोधही. फ्लॅटमध्ये तुम्ही दोघी. त्यातली एक चपलांच्या कपाटाशी होती."

"हे तुम्ही मला आधी का नाही विचारलंत?"

"तू सांगितलं नाहीस."

"मला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं, आणि शेजारच्या बाईने वळून पाहिलं. राग त्यांचा आला नव्हता. मला पुढचं आठवलं होतं आणि ते आठवायला नको होतं. बुधवारी संजीवनीताई माझ्याकडे पोचल्या तेव्हा मी आपल्या सवयीने म्हटलं होतं, पोचल्याचा फोन करा घरी. आणि त्या चहाचा कप घेत म्हणाल्या होत्या, "आत्ता नको, लागायचा नाही. चारनंतर करते."

मी ते पद्माकरांना सांगितलं.

"लागायचा नाही, हे दोन वाजता फक्त एकाच माणसाला ठाऊक असू शकतं," ते म्हणाले. "उद्या तू एकटी जा. मी आलो तर ती चौकशी होईल."

५

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या खालच्या फूडकोर्टमध्ये मी दोन चहा घेतले. काय आणि कसं विचारायचं, ते रात्रभर घोकलं होतं. समोर बसल्यावर ते सगळं विसरले आणि नुसतं म्हटलं, "संजीवनीताई, रिसीव्हर तुम्ही काढून ठेवला होतात ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. नाही म्हणाल्या नाहीत. उलट खांदे सैल झाले.

"चिंचवडला यांची कायम रात्रपाळी असायची," त्या म्हणाल्या. "दुपारची झोप हीच यांची रात्र. एकोणनव्वदला घरी फोन बसला आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी कोणाचा तरी राँग नंबर आला. हे उठून एवढे चिडले की रात्री कामावर जाताना जेवलेच नाहीत. तेव्हापासून मी रिसीव्हर खाली काढते आणि वर टॉवेल टाकते, ओरडतो तो ऐकू येऊ नये म्हणून. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी हात आपोआप जातो. इथे आल्यावरही गेला. मुलांना कधी सांगायचं सुचलंच नाही. दुपारी ती घरात असतातच कुठे?"

"आणि बुधवारी?"

"फाइल काढायला गेले, तर टॉवेलचा उंचवटा दिसला. नेहमीसारखा चारला जाग्यावर ठेवला. तेव्हा कळलंही नाही मला. संध्याकाळी मारिसेल म्हणाली, फोन मुका होता. आणि ती पोलिसीण सुबोधला सांगत होती, कोणी अडवलं असेल तर तुरुंग." त्यांनी कप लांब सारला. "तुरुंगाची भीती वाटली, नाही असं नाही. या वयात, परक्या देशात. पण तेवढीच नव्हती, सविताताई. यांना कळेल, याची जास्त वाटली. बोलता येत नाही, पण ऐकतात सगळं. माझ्यामुळे हे असे पडलेत, हे यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"नीताचं काय?"

"तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर तो तिच्याशी बोलत नाही. आणि मी गप्प." त्या रडू लागल्या. "माझी पोर असती तर मी अशी बसले असते का?"

मी त्यांचा हात धरून बसले. त्यांचा मला रागही आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी कसं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड पुसलं. "उद्या दहाला ना? मी जाते नीताबरोबर. पण आज घरी मीच सांगते, मुलांना. तुम्ही नका सांगू."

६

सोमवारी पोलीस स्टेशनात संजीवनीताई मराठीत बोलल्या आणि मी इंग्रजी केलं. अधिकारी बाई तिशीतली, केस घट्ट बांधलेली चिनी मुलगी होती. तिने मधे एकदाही टोकलं नाही. एंगेज टोनची गोष्ट पद्माकरांनी सांगितली, चार वाजताच्या घंटीची मी. सगळं ऐकून तिने संजीवनीताईंना एकच विचारलं, "घरात कोणाला फोनची गरज लागेल, असं तुमच्या मनात आलं होतं का?"

"यांची झोप मोडू नये, एवढंच मनात होतं."

"अडवणं वेगळं आणि नकळत अडचण होणं वेगळं," ती म्हणाली. "तुमच्यावर खटला होणार नाही, आंटी." मग ती नीताकडे वळली. "पण ड्रॉवरचं कुलूप नकळत लागलेलं नव्हतं."

मला वाटलं, नीता आता सगळ्याच जणींचं नाव सांगेल. ती म्हणाली, "नाही. ते मी रोज मुद्दाम लावत होते. तिचा फोन तिच्याजवळ असता तर पहिल्या मिनिटाला अँब्युलन्स निघाली असती."

तिला लेखी ताकीद मिळाली. मारिसेलला दुसरं घर बघायची मुभा मिळाली आणि तिने ती घेतली, पण निशिकांतरावांच्या डिस्चार्जपर्यंत थांबते म्हणाली. नीताने तिची माफी मागितली. मारिसेलने ती ऐकून घेतली, त्यावर काही बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलला गेलो. खोलीत संजीवनीताई, मी आणि सुबोध. नीता आत आली नाही. संजीवनीताईंनी नवऱ्याचा डावा हात हातात घेतला आणि न थांबता सगळं सांगितलं, टॉवेलसकट. शेवटी म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हे. मी रिसीव्हर काढला होता."

निशिकांतरावांनी हात ओढून घेतला. संजीवनीताईंनी मान खाली घातली.

तो हात हळूहळू वर गेला, वाटेत दोनदा थांबला आणि त्यांच्या स्वतःच्या छातीवर येऊन पडला. त्यांनी छातीवर थोपटलं. एकदा, मग पुन्हा.

"नाही हो, तुमच्यामुळे कसं? माझ्यामुळे," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा थोपटलं. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. एक बोलून आणि एक न बोलता, दोघं बराच वेळ भांडत राहिली, आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सुबोध भिंतीला टेकून बघत होता. मग तो बाहेर गेला. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे मला दिसत होतं. नीता कॉरिडॉरमध्ये बसली होती, शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती. तो तिच्यासमोर नुसता उभा राहिला.

"मी तुला एकदाही विचारलं नाही," तो म्हणाला.

"नाही विचारलंस."

नीताने त्याला बराच वेळ तसंच उभं राहू दिलं. मग तिने खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.